माणिकराव पडघान यांचे एक वाक्य आणि बाकीची मालमत्ता

मी, माणिकराव सुखदेव पडघान, वय एकाहत्तर, निवृत्त हातपंप मिस्त्री, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, आज रोजी कोणाच्या दबावाखाली, धाकाखाली वा नशेपाण्यात नसताना, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धी शाबूत असली तरी ती एका जागी बसत नाही, ही माझ्या पत्नीची तक्रार जुनी आहे. पण दाखल्यात तसा रकाना नसल्यामुळे डॉक्टरांनी ती लिहून घेतली नाही.

यापूर्वी मी दोन वेळा मृत्युपत्र लिहायला घेतले होते. पहिले घराच्या चतुःसीमेपर्यंत पोहोचले. उत्तरेला किती फूट ते मोजायला बाहेर पडलो आणि शेजारच्या कूलरची मोटर खोलून बसलो. दुसरे तीन पानांचे झाले, त्यातली अडीच पाने माझ्या वडिलांच्या आठवणींची होती. ही दोन्ही मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करतो. रद्द व्हायला ती आधी पूर्ण व्हावी लागतात, असे मी वकिलांना म्हणालो. ते म्हणाले, तरीही लिहा.

कलम एक : माझी माणसे

माझी पत्नी भागिरथा. शिक्षण चौथी. आमच्या संसाराला सेहेचाळीस वर्षे झाली. मुलगी नीलिमा, पुण्याला एका मोठ्या कंपनीत आहे आणि तिथल्या लोकांना कामात लक्ष कसे ठेवावे हे शिकवते. मुलगा धम्मरत्न, मानोऱ्याला खासगी शाळेत शिक्षक. या तिघांखेरीज माझा कोणी वारस नाही. शेलूबाजारच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप चालवणारे फय्याजभाई यांना लोक माझे भाऊ समजतात. ते कायद्याने वारस होत नाहीत, पण त्यांनाही काही देणे आहे. ते पुढे येईल.

कलम दोन : घर

राहते घर, पत्र्याच्या दोन खोल्या आणि स्लॅबची एक, हे मी नोकरीच्या पैशातून बांधले आहे. ते माझ्या पश्चात भागिरथेचे. तिच्या पश्चात नीलिमा आणि धम्मरत्न यांचे, निम्मे निम्मे. स्लॅबच्या खोलीत उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी गळते. ती गळती मी दरवर्षी दिवाळीनंतर काढणार होतो. वाटणी करताना तो कोपरा धम्मरत्नला जावा, कारण तो मला त्यावरून नेहमी बोलतो.

कलम तीन : बचत आणि नीलिमाचा फॉर्म

पोस्टात जे काही आहे ते दोन्ही मुलांनी सारखे घ्यावे. त्याशिवाय नीलिमाला मी माझा तपकिरी फोल्डर देतो. त्यात काय आहे ते तिला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी लिहितो.

अडीच वर्षांपूर्वी, २०२३ च्या बुद्धपौर्णिमेला नीलिमा घरी आली होती. घरालगत, रस्त्याच्या बाजूने माझी एक टिनाची खोली आहे. चहा घेऊन ती मला बोलवायला तिथे आली आणि दारातच थांबली. आत हार्मोनियम उघडा पडला होता. मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या, माश्या निघून गेलेल्या. सूर्यचूल होती, जिच्यावर एकदा सकाळी खिचडी ठेवली तर संध्याकाळी ती कोमट झाली होती. सायकलला जोडलेली चक्की होती. पाली भाषेच्या वह्या होत्या, सातव्या धड्यापर्यंतच्या. नीलिमाने मोजले, अर्धवट कामे अकरा निघाली. मग तिने मला खुर्चीवर बसवले.

ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे साहेबलोकांनाही हे करायला लावतो. एका वाक्यात लिहा, तुम्ही कशासाठी जगून राह्यले. मग रोज सकाळी ते वाचायचं. जे काम त्या वाक्यात बसत नाही त्याला हात लावायचा नाही."

भागिरथा दारात उभी होती. ती म्हणाली, "एका वाक्यात? यायले शिंक आली तरी आधी प्रस्तावना लागते."

नीलिमाने पुण्याहून एक फॉर्म पाठवला. तुमची मूल्ये कोणती, तुमच्या मृत्यूनंतर लोकांनी तुमच्याबद्दल काय म्हणावे, असे प्रश्न होते. मी पहिल्यांदा हसलो. नंतर तीन महिने दुसरे काही केले नाही. अकरा कामांत बारावे वाढले.

माझा पहिला मसुदा दीड पानाचा होता. त्यात सामाजिक, शैक्षणिक, यांत्रिक आणि सांस्कृतिक असे चार विभाग होते. तो मी भागिरथेला वाचून दाखवला. तिने तूर निवडता निवडता सगळा ऐकला आणि विचारले, "याच्यात मी कुठं हाओ?" मी पुन्हा वरपासून पाहिले. ती कुठेच नव्हती. मी तिथल्या तिथे शेवटी कंसात "सपत्नीक" असे लिहिले. तो कागद फोल्डरमध्ये आहे. माझ्या आयुष्यातले ते सर्वात मूर्ख सात सेकंद होते, आणि त्यावर भागिरथा जे हसली ते सुपातली तूर सांडेपर्यंत.

दुसरा मसुदा फय्याजभाईंनी स्टँडवर वाचला. म्हणाले, "माणिकभाऊ, हे तर निवडणुकीला उभं राह्यल्यासारखं दिसून राह्यलं. निशाणी कोणती घेतली?" आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक प्रसेनजित भगत यांनी शुद्धलेखन तपासले आणि वाक्य अर्धे केले. असे करत करत वाक्य शेवटी एवढे उरले :

"जे हाती घेतले आहे तेच पूर्ण करीन, नवीन काही हाती घेणार नाही."

मी ते पिवळ्या ऑइलपेंटने टिनाच्या खोलीच्या दारावर लिहिले. नीलिमाला फोटो पाठवला. तिने फोनवर सांगितले की तिच्या कंपनीतसुद्धा इतके चांगले कोणाचे आले नाही. मी चार दिवस कोणाशी नीट बोललो नाही, इतका मोठा झालो होतो.

फोल्डर नीलिमाचा. तिच्यावर माझा राग नाही. तिने मला एका वाक्यात बसवायचा प्रयत्न केला, तो कोणत्याही बापासाठी मुलीने करावा असाच होता. बाप मावला नाही.

कलम चार : अर्धवट वस्तू

या मी पुढीलप्रमाणे देतो.

हार्मोनियम मानोऱ्याकडच्या एका गायनपार्टीचा. दुरुस्तीला १९९९ साली आला. पार्टी मोडली, मालक वारले. आता तो सुरू आहे, फक्त वरची एक पट्टी बोलत नाही. तो फय्याजभाईंना. ते वाजवत नाहीत, पण जीप भरेपर्यंत त्यांना काहीतरी करायला हवे.

पाली भाषेच्या वह्या प्रसेनजित भगत यांना परत. त्यांनी मला दर रविवारी विनामोबदला शिकवले आणि सातव्या धड्यावर मी मधमाश्यांकडे गेलो. त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्द मला ऐकू येत असे.

सूर्यचूल कोणी मागितली तर द्यावी. कोणी मागणार नाही.

आमच्या घराण्याची वंशावळ धम्मरत्नने पुरी करावी. ती मी आजोबांपर्यंत नेली आहे. छप्पन सालच्या दीक्षेला माझे वडील नागपूरला गेले होते, आणि परत येताना आजोबांशी भांडत आले की नाव बदलायचे की नाही. तिथे माझी पेन्सिल थांबली, कारण त्या भांडणाची दोन वेगवेगळी वर्णने मी ऐकली आहेत. धम्मरत्नने त्यातले एक निवडावे आणि पुढे जावे.

सायकलची चक्की चालते. पाय मारणारा हवा.

कलम पाच : टिनाची खोली, आणि धम्मरत्नशी झालेला करार

ही खोली रस्त्याला लागून आहे. हायवेची वर्दळ वाढल्यापासून धम्मरत्नचा डोळा तिच्यावर होता. खोली पाडून दोन गाळे काढावेत, शटर लावून भाड्याने द्यावेत, असे त्याचे म्हणणे. त्याचे म्हणणे चूक होते असे मी लिहिणार नाही. त्याला दोन मुले आहेत आणि खासगी शाळेची नोकरी आहे.

दारावर मी वाक्य लिहिले त्या महिन्यात तो आला, वाक्य वाचले आणि तिथेच मला पकडले. म्हणाला, पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत अकराच्या अकरा कामे पूर्ण करा, मी गाळ्यांचे नाव काढणार नाही. नाही झाली तर खोली माझी. मी हो म्हटले. वाक्याच्या जोरावर माणूस काय काय कबूल करतो ते मला तेव्हा कळले नव्हते.

त्या वर्षी मी जसा राबलो तसा नोकरीतही राबलो नसेन. कोणी मिक्सर आणला की मी दाराकडे बोट दाखवी. कोणी पंखा आणला की बोट. स्टँडवरची पोरे मला "बोटवाले काका" म्हणू लागली. भागिरथेने एकदा सांडशी नीट करायला सांगितली तर मी तिलाही बोट दाखवले. त्या दिवशी वरणात मीठ नव्हते. एप्रिलपर्यंत तीन कामे पूर्ण झाली.

कलम सहा : हरिसिंग यांना मधपेट्या, आणि त्याचे कारण

मधमाश्यांच्या तिन्ही पेट्या मी मानोऱ्याच्या पलीकडच्या तांड्यातले हरिसिंग रामसिंग राठोड यांना देतो. याचे कारण लिहिताना मला बरे वाटत नाही, तरी लिहितो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये हरिसिंग दुपारी दोनच्या उन्हात माझ्या दारी आले. तीन वाहने बदलून आले होते. त्यांच्या तांड्यावरचा हातपंप बारा दिवसांपासून बंद होता. दुरुस्तीची गाडी दुसऱ्या तालुक्यात अडकली होती, नळाचे पाइप टाकून झाले होते पण टाकीचे काम राहिले होते. बाया नाल्यापलीकडच्या विहिरीवर जात होत्या. त्यांची सून दोन घागरी घेऊन चढताना घसरली आणि तिचा हात मोडला. अर्धा तांडा कामाला बाहेरगावी गेलेला. कोणीतरी सांगितले, जुना मिस्त्री शेलूबाजारले राहते.

माझ्यासमोर टेबलावर हार्मोनियमच्या पट्ट्या नंबर टाकून मांडल्या होत्या. पौर्णिमेला पाच आठवडे उरले होते. मी दाराकडे बोट दाखवले.

हरिसिंग म्हणाले, "मले वाचता येत नाई, मिस्त्री. काय लिहिलं?"

मग मी त्यांना ते वाचून दाखवले. मोठ्याने, सावकाश, जसे भंतेजी गाथा म्हणतात तसे.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. म्हणाले, "बरं लिहिलं जी." आणि उठले. भागिरथेने चहा आणला होता तो त्यांनी उभ्यानेच घेतला, कपबशी धुऊन ओट्यावर ठेवली आणि स्टँडकडे चालू लागले.

ते शिव्या देऊन गेले असते तर मी हे कलम लिहिले नसते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी भागिरथा माझ्याशी बोलली नाही. मी पट्ट्या लावत राहिलो. मनाशी म्हणत होतो की एकाग्रता म्हणजे हीच, ती कडूच असते, नीलिमाच्या फॉर्ममध्येही तसे लिहिले आहे. पट्ट्यांचे नंबर दोनदा चुकले.

कलम सात : माझी हत्यारे

पाइप उचलायचा लिफ्टर एक, पाइप धरायचे शिकंजे दोन, लहानमोठे पाने नऊ, साखळीचा बोल्ट काढायचा मी स्वतः बनवलेला पाना एक, आणि कातडी वॉशरांचा डबा. ही सगळी हत्यारे मी भागिरथेला देतो, पूर्ण मालकीने. धम्मरत्नने किंवा आणखी कोणी ती मागू नयेत. तीसच्या आसपास वर्षे ही हत्यारे माझ्या नावावर होती, पण दर रविवारी ती पुसून, मोजून, तेल लावून ठेवली तिने. कातडी वॉशर वापरण्याआधी तेलात भिजवावे लागतात. आमच्या स्वयंपाकघरात एक जर्मनचे भगुणे त्यासाठीच होते. कोणत्या वॉशरला किती दिवस लागतात ते मी तिला विचारून सांगत असे आणि गावोगाव मिस्त्री म्हणून मिरवत असे.

तर, हरिसिंग येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेलो आणि हत्यारांची थैली जागेवर नव्हती. लिफ्टर नव्हता. मला वाटले चोरी झाली. भागिरथेला हाक मारली, ती नव्हती. स्टँडवर गेलो तर फय्याजभाईंची जीपही नव्हती. पानवाल्याने सांगितले की भाभी पुढच्या सीटवर बसल्या होत्या आणि मागे लोखंड होते.

मी बसने मानोऱ्याला गेलो, तिथून एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर तांड्याला. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

पंपाचे डोके काढून बाजूला ठेवले होते. जमिनीवर पाइप ओळीने मांडले होते, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, जसे मांडायचे असतात तसे. चार म्हातारे आणि दोन बाया लिफ्टर ओढत होत्या. फय्याजभाई शिकंजा दाबून बसले होते आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीला ग्रीस लागले होते. मध्ये भागिरथा, पदर खोचलेला. वर येणाऱ्या पाइपाकडे तिची नजर होती आणि ती मोजत होती. "आठ. धरा. आवळा. सोडा आता."

नंतर फय्याजभाईंनी मला सांगितले की तिने आल्याबरोबर नुसते हँडल दोनदा हलवून पाहिले आणि म्हणाली, "हलकं लागून राह्यलं. रॉड निसटला असन खालून." आणि तसेच निघाले. मला हे कळायला नोकरीची पहिली सहा वर्षे लागली होती.

मी पुढे झालो. तिने वर न पाहता सांगितले, "दारावर लिहिलं ना तुमी? मंग सावलीत बसा."

मी कडुलिंबाखाली बसलो. हात प्लॅस्टरमध्ये असलेली एक पोरगी, हरिसिंगची सून, डाव्या हाताने मला तांब्याभर पाणी देऊन गेली. ते त्या लांबच्या विहिरीचे पाणी होते. ते पाणी मी प्यालो.

रॉड जोडला, पाइप खाली गेले, डोके बसले. साखळीचा बोल्ट राहिला. तो पाना वापरायला थोडी खुबी लागते, मी बनवताना त्यात एक वाकडेपणा राहून गेला होता. तिने दोन वेळा लावून पाहिला, तो सटकला. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी जागेवरून हललो नाही. आता मला हलायची हिंमत नव्हती.

ती पाना घेऊन लिंबापाशी आली. "उठा," म्हणाली. "पंपाच्या डोक्याच्या आतून साल लिहिलं हाये, एक्याण्णव, अन् तुमची सही. हे नवीन काम नाई. तुमचंच जुनं हाये."

मी बोल्ट आवळला. आधी गढूळ आले, मग लाल, मग स्वच्छ. बायांनी घागरी लावल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नंबर कोणाचा यावरून भांडण मात्र लगेच सुरू झाले. पंप चालू झाल्याची याहून पक्की खूण मला माहीत नाही.

हरिसिंगची मी माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या मिस्त्री, चहा घ्या. मधपेट्या त्यांनी मागितल्या नव्हत्या. तांड्याच्या मागे मोहाची झाडे आहेत, तिथे माश्या राहतील असे मला वाटते. माझ्याकडे राहिल्या नाहीत.

परतताना जीपमध्ये मी मागे बसलो, लोखंडाजवळ. पुढच्या सीटवर जागा होती. कोणी बोलावले नाही.

कलम आठ : खोलीचा निकाल

त्या उन्हाळ्यात आणखी सहा पंप झाले. बातमी कशी फिरते ते आम्हाला कळले नाही. आसेगावकडून एक, मानोऱ्याकडच्या तांड्यांतून पाच. लोक येत आणि विचारत, मिस्त्रीणबाई आहेत का. मी सांगे, आहेत, बसा. थैली मी धरायचो. एका तांड्यावर तर माझी ओळख करून देताना म्हणाले, हे बाईंचे मालक, हेही थोडं जाणतात.

नीलिमाने तिच्या आईलाही एक फॉर्म पाठवला होता. मूल्ये कोणती वगैरे. भागिरथेने त्याच्या कोऱ्या बाजूवर गावांची नावे लिहिली, कोणाचा पंप, कोणता वॉशर, कोणाचा फोन. तो कागद खोलीच्या दाराला आतून चिकटवला आहे. बाहेरून माझे पिवळे वाक्य आहे. ते मी पुसले नाही. पंपाचे जुने पाइप दाराला टेकून ठेवतो, त्यामुळे "नवीन काही" एवढेच दिसते.

बुद्धपौर्णिमेला धम्मरत्न ठरल्याप्रमाणे आला. सोबत मोजायची टेप. अकरापैकी पाच कामे झाली होती. मी कबूल केल्याप्रमाणे खोलीची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. दिलेला शब्द पाळला, एवढे तरी म्हणता यावे म्हणून.

भागिरथेने भाकरी थापता थापता विचारले, "गाळे कायले पायजेत?"

त्याने भाड्याचे सांगितले. पोरांच्या शिक्षणाचे सांगितले. तिने सगळे ऐकले. मग म्हणाली की चौथीपर्यंतची शिकवणी तुझ्या पोरांची इथे सुट्टीत मीच घेतली असती, पण मला वेळ नाही. खोलीत माझे सामान आहे, ते कुठे ठेवू ते तू सांग. धम्मरत्न खोलीत गेला. बराच वेळ आत होता. दारामागचा तो कागद त्याने वाचला असावा, कारण बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, यातलं साखरडोहचं नाव तू दोनदा लिहिलं." टेप खिशात घातली आणि जेवायला बसला. किल्ली तिथेच राहिली.

सबब, टिनाची खोली, तिच्याखालची जागा आणि आतले सर्व सामान भागिरथेचे. तिने ठेवावी, विकावी, गाळे काढावेत, जे वाटेल ते. धम्मरत्नने या बाबतीत कोर्टात जाऊ नये. तो जाणार नाही हे मला माहीत आहे, पण हे वाक्यही वकिलांना पाहिजे होते.

कलम नऊ : एक जुना हिशेब

माझ्या नोकरीत एक साहेब होते. त्यांचे नाव लिहीत नाही, ते हयात असतील तर त्यांना वाईट वाटेल. चौऱ्याण्णव साली त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात लिहिले, "कामात हुशार, परंतु लक्ष एका ठिकाणी नाही." त्यामुळे माझी बढती चार वर्षे लांबली. मी तीस वर्षे त्यांच्यावर राग धरला. कदाचित त्या रागापोटीच मी एवढ्या मनाने ते वाक्य दारावर लिहिले असेल.

तो राग मी याद्वारे सोडतो. साहेब, लक्ष एका ठिकाणी ठेवून पाहिले. ठिकाण चुकीचे निघाले.

कलम दहा : अंत्यविधी

बौद्ध पद्धतीने, साधा. भंतेजींना जवळच्या विहारातून बोलवावे, लांबून नको. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाषणे होतीलच. फय्याजभाईंना पाच मिनिटे द्यावीत. ते माझ्याबद्दल खरे सांगतात, त्यामुळे सहावे मिनिट देऊ नये. "मृत्यूनंतर लोकांनी तुमच्याबद्दल काय म्हणावे" या नीलिमाच्या प्रश्नाला मी तेव्हा अर्धे पान लिहिले होते. ते कोणी वाचून दाखवू नये.

कलम अकरा

(हे कलम पूर्ण खोडले आहे. खोडण्यावर माझी व दोन्ही साक्षीदारांची लहान सही आहे. खोडण्याचे कारण खालीलप्रमाणे.)

आज सकाळी साक्षीदारांसमोर मी हे मृत्युपत्र भागिरथेला वाचून दाखवले. ती वारस असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, पण ऐकता येते. कलम तीनमध्ये तूर सांडली नव्हती, उडीद होते, असे ती म्हणाली. मी तूरच ठेवली आहे. कलम सातमध्ये पाने नऊ नाहीत, आठ आहेत, एक हरवला आणि तो मीच हरवला, असे ती म्हणाली. वाचणाऱ्याने आठ समजावेत.

कलम अकरामध्ये मी असे लिहिले होते की, माझ्या पश्चात भागिरथेने दर उन्हाळ्यात किमान दहा हातपंप दुरुस्त करावेत, त्यासाठी फय्याजभाईंची जीप घ्यावी, नवीन मुलींना हे काम शिकवावे, आणि "तहानलेल्या तांड्यांची सेवा" हे एकच ध्येय समोर ठेवून उरलेले आयुष्य एकाग्रपणे घालवावे. शेवटच्या ओळीवर मी आठवडाभर काम केले होते. प्रसेनजित सरांनी मान डोलावली. मी तिच्याकडे पाहिले.

ती म्हणाली, "हे काढा."

मी विचारले, काहून, यात चूक काय आहे? तू हेच तर करतेस.

"चूक काईच नाई," ती म्हणाली. "हात्यारं दिली, खोली दिली, तेवढं घेतो मी. मी पंप उघडीन का दोन महिने नीलिमाकडं जाऊन बसीन, ते त्या दिवशी सकाळी उठल्यावर मी पाहीन. तुमी तवा नसान."

मी पेन घेतला आणि सात ओळी खोडल्या. एक एक करून, पट्टी लावून, वाचता येणार नाहीत अशा. तिने कागद हातात घेऊन उजेडाला धरून पाहिला, आणि मग जेवणाचे काय ते विचारायला आत गेली.

वरीलप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, उरलेल्या दहा कलमांसह कायम केले असून, अंमलबजावणीसाठी नीलिमाला व्यवस्थापक नेमतो. तिला कामे वेळेत संपवता येतात.

लिहून ठेवणार :
(सही) माणिकराव सुखदेव पडघान

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही :

१. (सही, उर्दूत) शेख फय्याज शेख हसनैन, जीपचालक, शेलूबाजार
२. (सही) प्रसेनजित भगत, निवृत्त शिक्षक, शेलूबाजार

स्थळ : शेलूबाजार
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५